ओळखपत्र मागू नका, सही वाचा



'बहुसांस्कृतिक' हा शब्द सध्या फार लाडका झाला आहे. प्रदर्शनांच्या निमंत्रणपत्रिकांवर, महोत्सवांच्या कमानींवर, निधी मागायच्या अर्जांमध्ये तो हमखास भेटतो. त्याच्यासोबतचं चित्रही ठरलेलं असतं. एक बाई नऊवारीत, एक बुरख्यात, एक झग्यात आणि गळ्यात क्रूस घातलेली, एकीच्या डोक्यावर मोळी. चौघी हातात हात घालून हसत असतात. त्या कशाला हसताहेत हे कुणी विचारत नाही. चित्र कुणी काढलं हेही विचारत नाही. चित्रातल्या बायका आणि चित्र काढणारी बाई, सगळ्यांचं काम एकच, नुसतं दिसायचं. बोलायचं काम इतरांचं.

मला या दिसण्याविरुद्ध बोलायचं आहे. दोन-तीन संस्कृतींच्या मध्ये जगणारी स्त्री कलावंत जेव्हा काम करते, तेव्हा ती आपल्यासाठी सलोख्याचा देखावा उभा करत नसते. तिच्यावर लादलेल्या ओझ्यातलं काय ठेवायचं आणि काय खाली टाकायचं, याचा निर्णय ती करत असते. हा निर्णय म्हणजे तिची सही. आपण मात्र ती सही वाचायची सोडून तिचं ओळखपत्र तपासत बसतो. कोणत्या धर्माची, कोणत्या जातीची, कुठून आली? आणि हे करणाऱ्यांत फक्त सरकार, बाजार किंवा धर्माचे ठेकेदार नाहीत. आपण आहोत, स्त्री-चळवळीतल्या बायका.

बाईच्या अंगावरची संस्कृती

गेल्या दीडशे वर्षांत आपल्याकडच्या पुरुषांनी शेंडी कापली, पगडी उतरवली, धोतर सोडून पाटलोण चढवली. त्यांची संस्कृती बुडाली नाही. बाईने कपाळाला कुंकू लावलं नाही की मात्र ती लगेच बुडते. कुठल्याही धर्माचं उदाहरण घ्या. संस्कृती सांभाळायची जबाबदारी तिच्या कपड्यांवर, केसांवर, चुलीवर आणि गर्भाशयावर. त्या संस्कृतीची व्याख्या करायचा अधिकार मात्र तिच्याकडे कधीच नसतो. ओझं तिचं, सातबारा दुसऱ्याच्या नावावर.

शिवाय बाई एका घरात जन्मते आणि दुसऱ्या घरात मरते. आपल्याकडे अजूनही अनेक लग्नांत ताम्हणात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवं नाव लिहितो. एका मिनिटात शैलाची सुनंदा होते. माहेरी आमटीत गूळ, सासरी चालत नाही. माहेरचा देव वेगळा, सासरचा वेगळा. माहेरची बोली सासरी हसण्यावारी जाते. दोन रीतींच्या मध्ये जगणं ही काही परदेशात जाऊन आलेल्या कलावंतांचीच मिरास नाही. आपल्या वस्तीतली प्रत्येक सून ते करत आली आहे. फरक एवढाच की हा दुहेरीपणा तिने निवडलेला नसतो. तिला कुणी विचारलेलं नसतं.

पण जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला बसली की आईचं लुगडं कुठे लावायचं आणि सासूचं कुठे, एवढं तरी ती स्वतः ठरवते. कोणता रंग मधोमध येईल, कोणता काठाला जाईल, काय फाडून अस्तराला घालायचं, हे तिच्या हातात असतं. स्त्रियांच्या कलेतल्या ओळखीबद्दल बोलायचं तर इथून सुरुवात करायला हवी असं मला वाटतं. किती संस्कृतींचे तुकडे आहेत ते मोजण्यात अर्थ नाही. कोणता तुकडा तिने कुठे लावला आणि का लावला, ते बघायला हवं.

रक्ताचा हिशेब

अमृता शेरगिलबद्दल लिहिणारे बहुतेक जण तिच्या रक्ताच्या हिशेबाने सुरुवात करतात. जन्म १९१३ साली बुडापेस्टमध्ये, आई हंगेरियन, वडील पंजाबच्या मजिठिया घराण्यातले शीख सरदार. शिक्षण पॅरिसच्या कलाशाळेत. मग वाटणी होते. तंत्र युरोपचं, आत्मा भारताचा. जणू ही बाई म्हणजे दोन वाट्या पीठ आणि एक वाटी साखर. तिने स्वतः काय केलं, हे या पाककृतीत कुठेच येत नाही.

तिचं १९३४ सालचं एक चित्र आहे. त्यात तिने स्वतःला ताहिती बेटावरच्या स्त्रीच्या रूपात रंगवलं आहे. गोगँ या फ्रेंच चित्रकाराने ताहितीच्या उघड्या अंगाच्या मुली रंगवून युरोपला वेड लावलं होतं. दूरच्या बेटावरची सावळी, निमूट, उपलब्ध बाई. पॅरिसमध्ये शिकणाऱ्या सावळ्या अमृताकडेही लोक कसं बघत असतील, याची कल्पना आपण करू शकतो. तिने काय केलं, तर त्या बाईच्या जागी स्वतःला उभं केलं. अंग उघडं आहे, पण नजर कुणाला खूश करायला वळलेली नाही. मागे भिंतीवर एका पुरुषाची मोठी सावली पडली आहे. बघणारा तिने चित्रातच धरून ठेवला आहे. याला 'पूर्व-पश्चिम संगम' म्हणणाऱ्यांनी ती सावली पाहिलीच नाही असं म्हणावं लागतं.

१९३४ च्या अखेरीस ती भारतात परतली. १९३६ साली तिने अजिंठा पाहिलं आणि पुढे दक्षिणेत फिरली. त्यातून १९३७ साली 'नववधूचा शृंगार', 'ब्रह्मचारी' आणि 'बाजाराला निघालेले दक्षिणेतले गावकरी' ही तिची चित्रं झाली. पॅरिसने शिकवलेलं आणि अजिंठ्याच्या भिंतींवर पाहिलेलं, दोन्हींतलं तिने आपल्याला हवं ते उचललं. पंजाबी सरदाराच्या मुलीने अजिंठ्याच्या बौद्ध लेण्यांवर हक्क सांगितला. वारशाने न मिळालेली परंपरा तिने पाहून, अभ्यासून, हाताने कमावली. 'तुझं मूळ कुठलं' असं विचारणाऱ्यांना हे उत्तर झोंबायला हवं.

पण इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. अमृता निवडू शकली, कारण तिच्या घरी पैसा होता, जमीन होती, पॅरिसचं भाडं होतं. तिच्या चित्रांत गप्प बसलेल्या बायकांकडे यातलं काही नव्हतं. २०२३ साली तिचं 'द स्टोरी टेलर' हे चित्र लिलावात ६१ कोटी ८० लाख रुपयांना गेलं. बोली चित्रावर लागली. त्यात बसलेल्या बायका कोण होत्या, यावाचून कुणाचं अडलं नाही. संस्कृतीतून निवड करायचा हक्क सगळ्या बायकांना सारखा मिळत नाही. तो वर्गावर आणि जातीवर ठरतो. हे लक्षात न ठेवता केलेलं विविधतेचं कौतुक हे श्रीमंतांच्या दिवाणखान्यातलं कौतुक आहे.

ओळख अंगावर कोसळते तेव्हा

काहींना ओळख निवडायची संधीच मिळत नाही. ती अंगावर कोसळते. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली आणि त्या डिसेंबरात, पुढच्या जानेवारीत मुंबई पेटली. किती इमारतींच्या जिन्यांतून तेव्हा नावाच्या पाट्या उतरल्या, हे शांततेच्या कामात उतरलेल्या बायकांनी पाहिलं आहे. काल कुणी डॉक्टर होतं, कुणी शिक्षिका, कुणी तिसऱ्या मजल्यावरची वहिनी. एका रात्रीत सगळ्यांना एकच ओळख उरली.

रुमाना हुसेन तेव्हा मुंबईत चित्रकार म्हणून काम करत होत्या. जन्म १९५२ चा, बंगळूरचा. या घटनांनंतर त्यांच्या कामाने वळण घेतलं. कॅनव्हास मागे पडला आणि फुटलेली मातीची मडकी, गेरू, आरसे पुढे आले. अर्धं मडकं पालथं घातलं की घुमट दिसतो, आणि तेच मडकं स्वयंपाकघरातलंही असतं. पाडलेली इमारत आणि मोडलेलं घर त्यांनी एकाच वस्तूत दाखवलं. १९९५ साली मुंबईत त्यांनी एक सादरीकरण केलं. पायांत घुंगरू, हातात चिरलेली पपई, तोंड उघडलेलं पण आवाज नाही. अशा त्या लोकांमधून चालत गेल्या. 'लिव्हिंग ऑन द मार्जिन्स' हे त्याचं नाव.

१९९७ साली त्यांनी बेगम हजरत महलची कबर कलादालनात मांडली. १८५७ च्या लढ्यात अवधची बाजू लढवणारी, राणीच्या जाहीरनाम्याला जाहीर उत्तर देणारी, नेपाळात जाऊन तिथेच मरण पावलेली ही बाई. देशासाठी लढलेल्या बायका म्हटलं की आपल्या तोंडी झाशीच्या राणीचं नाव येतं आणि आपण थांबतो. 'तुम्ही कुठल्या' असं ज्या बाईला तिच्याच शहरात विचारलं जाऊ लागलं होतं, तिने देशाच्या इतिहासातली आपली जागा अशी दाखवून दिली. दयेचा अर्ज त्यांनी केला नाही. 'मीही तुमच्यासारखीच आहे हो' असा गयावया सूर त्यात नाही.

पुढच्याच वर्षी, १९९८ साली, 'इज इट व्हॉट यू थिंक?' या सादरीकरणात त्यांनी मुस्लिम बाईबद्दलचे प्रश्न एकामागून एक वाचून दाखवले. ती काय मानते, काय घालते, कुणाची आहे, असे प्रश्न. म्हणजे ओळखपत्र मागणाऱ्यांचीच प्रश्नावली त्यांनी मोठ्याने वाचली आणि विचारणाऱ्यांकडे परत पाठवली. कर्करोगाशी झुंजतच त्यांनी 'अ स्पेस फॉर हीलिंग' हे शेवटचं मोठं काम केलं. इस्पितळ आणि प्रार्थनास्थळ यांच्या मधली एक खोली. १९९९ साली त्या गेल्या. वय पन्नाशीच्या आत. आपल्या शहरातल्या, आपल्या काळातल्या या बाईचं काम आपल्यापैकी किती गटांनी कार्यकर्त्यांच्या शिबिरात दाखवलं आहे?

चळवळीच्या आतली कड

झरीना हाश्मी, ज्या कलाजगतात फक्त 'झरीना' या नावाने ओळखल्या जातात, १९३७ साली अलीगढला जन्मल्या. कुटुंब १९५९ साली पाकिस्तानात गेलं. झरीना देशोदेशी राहून न्यूयॉर्कला स्थायिक झाल्या आणि २०२० साली लंडनमध्ये वारल्या. १९९९ साली त्यांनी छत्तीस काष्ठमुद्रांची एक मालिका केली. तिच्या नावाचा अर्थ 'घर हा परका मुलूख आहे' असा होतो. प्रत्येक मुद्रेत एक आकृती आणि एक उर्दू शब्द. घराशी, अंगणाशी, उंबऱ्याशी, ऋतूंशी जोडलेले शब्द. न्यूयॉर्कच्या कलादालनात उर्दू वाचणारे किती असणार? तरी शब्द उर्दूतच. २००४ सालच्या 'लेटर्स फ्रॉम होम'मध्ये तर त्यांनी पाकिस्तानात राहणाऱ्या बहिणीची, लिहून न टाकलेली पत्रं छापली आणि त्यांच्यावर घरांचे नकाशे, आकृत्या उमटवल्या. दोन बहिणींमधला कागद. फाळणीचा इतिहास आपण नेत्यांच्या भाषणांतून वाचतो. तो इथे एका बहिणीच्या हस्ताक्षरात आहे.

पण झरीनांची आठवण मी आणखी एका कारणासाठी काढते आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७२ साली स्त्री कलावंतांनी सहकारी तत्त्वावर 'ए. आय. आर.' ही गॅलरी सुरू केली होती. अमेरिकेतल्या स्त्री-चळवळीची ती अभिमानाची जागा. १९८० साली तिथे झरीना, क्यूबात जन्मलेल्या आना मेंदिएता आणि जपानहून आलेल्या काझुको मियामोतो या तिघींनी एक प्रदर्शन भरवलं, अमेरिकेत राहणाऱ्या तिसऱ्या जगातल्या स्त्री कलावंतांचं. मेंदिएतांनी त्याच्या प्रास्ताविकात रोखठोक लिहिलं की ही चळवळ मुळात गोऱ्या मध्यमवर्गीय बायकांची आहे. बायकांच्याच घरात उभं राहून बायकांना सुनावलं. चळवळ म्हटली की तिलाही मध्य असतो आणि कड असते, आणि मध्यावर बसलेल्यांना कड दिसत नाही.

हे अमेरिकेचं झालं असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. आपल्याकडे दलित स्त्रियांनी हेच सांगितलं. १९९५ साली त्यांनी स्वतःचा राष्ट्रीय महासंघ उभा केला, आणि दलित स्त्रियांचं बोलणं वेगळं का आहे हे शर्मिला रेगे यांनी १९९८ साली मांडून दाखवलं. आपण मान डोलावली, ठराव केले. पण सवय गेली का?

मागच्या वर्षीची गोष्ट सांगते. आमच्या तालुक्याच्या गावी ८ मार्चच्या प्रदर्शनाची बैठक होती. एक तरुण मुलगी सात चित्रं घेऊन आली. ग्रामीण रुग्णालयाच्या बाकांवर ताटकळलेल्या बायका तिने काढल्या होत्या. कुणी पदराने वारा घेतेय, कुणी केसपेपर हातात घेऊन झोपली आहे. आयोजकांपैकी एकीने चित्रं पाहिली, मनापासून कौतुक केलं आणि म्हणाली, "छानच आहेत. पण तुमच्या समाजातलं काही असेल तर बघा ना. म्हणजे प्रतिनिधित्व होईल." मुलगी मुसलमान होती. ती म्हणाली, "या बाकांवर आईला घेऊन मी तीन वर्षं बसले. हाच माझा समाज आहे." बैठकीत वाद झाला, मीही भांडले आणि चित्रं लागली. उद्घाटनाच्या दिवशी जाऊन पाहते तो खाली पाटी, 'मुस्लिम महिला चित्रकाराच्या कलाकृती'. नाव कुठेच नाही.

ती पाटी कुणी लिहिली हा मुद्दा नाही. लिहिणारीचा हेतू चांगलाच होता. सलोखा दाखवायचा होता. पण ज्या मुलीने आजारी आईसोबतच्या तीन वर्षांतून, सरकारी दवाखान्याच्या व्यवस्थेवरच्या संतापातून चित्रं काढली, तिच्याकडून आपल्याला हवा होता फक्त तिचा धर्म. धर्माचे ठेकेदार तिला हेच म्हणतात, की तू आधी आमची, मग बाकीची. मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?

चार कोपऱ्यांची फुलं

आता घराजवळची गोष्ट. सिद्दी म्हटलं की आपल्याला जंजिऱ्याचा किल्ला आठवतो, शाळेच्या इतिहासातला. पण बेळगावच्या खानापूरपासून खाली हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात सिद्दींच्या वस्त्या आहेत. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज गोव्याच्या पोर्तुगिजांचे गुलाम होते आणि पळून या रानात आले. आज त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. बोलण्यात कोकणी आहे, मराठी आहे, कानडी आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडावं लागलं.

या बायका गोधड्या शिवतात, त्यांना त्या कवंदी म्हणतात. जुनी लुगडी, लुंग्या, शर्टांचे तुकडे. कडेने सुरुवात करून धावदोरा घालत, गोल गोल फिरत मधोमध येतात. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून केलेले छोटे तुकडे शिवतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलं नसली तर कवंदी उघडी, पूर्ण झालीच नाही असं मानतात. ख्रिस्ती बाईच्या कवंदीत कधी क्रूस येतो, मुसलमान बाईच्या कवंदीत कधी चंद्रकोर. पण शिवायची रीत आणि कोपऱ्याची फुलं सगळ्यांची एकच. २००४ पासून त्यांनी सहकारी पद्धतीने कवंद्या शिवून विकायचा प्रयत्न केला आणि पुढे त्यांच्या गोधड्या अमेरिकेतल्या संग्रहालयापर्यंत पोचल्या.

आता बघा, या एका गोधडीवर किती जण हक्क सांगतात. संशोधक म्हणतो, हा आफ्रिकेचा वारसा. सरकार म्हणतं, आदिवासी हस्तकला. दुकानदार म्हणतो, एथ्निक. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. पण जिने शिवली तिच्यापुढचे प्रश्न वेगळे असतात. नातवाला थंडी वाजू नये, कापड पुरावं, उजेड असेपर्यंत हातभर तरी शिवून व्हावं, आणि लाल तुकडा कुठे लावला तर शोभेल. आफ्रिका, गोवा, कर्नाटक, मशीद, देऊळ, चर्च हे सगळं त्या गोधडीत आहे, कारण ते तिच्या जगण्यात आहे. ते तिला सिद्ध करून दाखवायचं नाही. तिने सांधलं आहे, आणि सांधताना काय कापायचं तेही ठरवलं आहे. माझ्या मते अमृताचा ब्रश आणि ही सुई यांच्यात कलेच्या दृष्टीने दर्जाचा फरक नाही. फरक आहे तो नावाचा आणि दामाचा. एकीचं नाव कोट्यवधींना विकलं जातं, दुसरीला 'सिद्दी महिला' एवढीच चिठ्ठी चिकटते.

नाव गेलं की काय होतं, हे आपण वारली चित्रांत पाहिलं आहे. लग्नाचा चौक लिहायचं काम सवाशिणींचं होतं. भिंतीवरची ती विद्या बायकांच्या हातात होती. १९७० च्या दशकात कागद आला, रंग आले, शहरातलं गिऱ्हाईक आलं आणि पुरुषही काढू लागले. जिव्या सोमा मशे हे मोठे चित्रकार, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि ती योग्यच होती. पण ज्या सवाशिणींनी पिढ्यान्‌पिढ्या तो चौक लिहिला, त्यांतल्या किती जणींची नावं आपण सांगू शकतो? काम भिंतीवर होतं, फुकट होतं, तोवर ते बायकांचं. त्याला भाव आला तेव्हा पुढे नाव पुरुषाचं.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की कलेला कशाला जात-धर्म-लिंगाच्या चौकटीत अडकवता? कला वैश्विक असते. मी म्हणते, असतेच. पण वैश्विक असण्याचा मान आधी कुणाला मिळतो ते बघा. सुखवस्तू, उच्चवर्णीय पुरुषाने आपल्या घराचा वाडा रंगवला की तो माणसाच्या एकटेपणाबद्दल असतो. दलित बाईने आपली खोली रंगवली की ती दलित बाईच्या खोलीबद्दल असते. त्या रुग्णालयाच्या बाकांवरच्या बायका वैश्विक का नाहीत? ताटकळणं कुणाला चुकलं आहे? चौकट कलावंताने आणलेली नसते. बघणाऱ्याने सोबत आणलेली असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपल्याच माणसांकडून येतो. द्वेष पेरला जात असताना सगळ्या धर्मांच्या बायका एकत्र दाखवणं गरजेचं नाही का? एकत्र येणं गरजेचं आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. १९९२-९३ मध्ये वस्त्यांतून फिरलेल्या बायकांना ते कुणी शिकवायला नको. पण त्या वस्त्यांत काय केलं होतं? एकमेकींचं ऐकून घेतलं होतं. कुणाचं घर जळलं, कुणाचा मुलगा पोलिसांनी उचलला, कोण शेजारी दार उघडायला आला नाही, हे सगळं बोललं गेलं, तेव्हा कुठे हात हातात आला. पोस्टरवरचा सलोखा हे बोलणं टाळतो. ओल आलेल्या भिंतीला चुना फासला की दोन दिवस बरं दिसतं, पावसाळ्यात पोपडे निघतातच. रुमाना हुसेन यांची फुटकी मडकी बघायला त्रास होतो, म्हणूनच ती सलोख्याच्या कामाची आहेत.

मग करायचं काय

नुसती टीका करून थांबणं आपल्या कामाला शोभत नाही. म्हणून काही सूचना मांडते. प्रत्येक गटाने आपल्या बैठकीत त्यांच्यावर बोलावं.

पहिली, नाव. आपल्या प्रदर्शनात, दिनदर्शिकेवर, पोस्टरवर, अंकाच्या मुखपृष्ठावर जिचं काम असेल तिचं पूर्ण नाव, तिला हवं तसं, छापलं जावं. 'आदिवासी महिला', 'मुस्लिम भगिनी', 'ग्रामीण कारागीर' ही नावं नव्हेत. दहा जणींनी मिळून गोधडी शिवली असेल तर दहा नावं. जागा पुरत नाही ही सबब ऐकायची नाही. देणगीदारांच्या नावांना जागा पुरते.

दुसरी, दाम. चळवळीसाठी म्हणून चित्र, गोधडी, गाणं फुकट मागायची आपली रीत मोडली पाहिजे. छपाईवाल्याला आपण पैसे देतो, मांडववाल्याला देतो. बाईच्या हाताला तेवढा आभार-प्रदर्शनाचा नारळ. आपण घरकामाच्या मोलाबद्दल लेख लिहितो आणि कलाकामाचं मोल बुडवतो, हे शोभत नाही.

तिसरी, विषय. कुठल्याही कलावंत बाईला 'तुमच्या समाजातलं काही' मागायचं नाही. तिला बुरख्यावर बोलायचं असेल तर बोलेल, ढगांवर बोलायचं असेल तर ढगांवर. चित्रकार म्हणून बोलावलं तर चित्राबद्दल विचारा. रंग कुठून आणला, ही रेघ इथे का थांबवली, हे विचारा. बाईला तिच्या कामाबद्दल विचारणं हाच मोठा मान आहे आणि तोच आपण तिला सर्वांत कमी देतो.

चौथी, जतन. आपल्या आज्या, सासवा, शेजारणी यांच्या गोधड्या, रांगोळ्यांच्या वह्या, गोंदणाचे नमुने यांची नोंद गटागटाने करावी. नावासकट, गावासकट, कोणतं कापड कुणाचं होतं याच्यासकट. हे काम कुठलंही संग्रहालय आपल्यासाठी करणार नाही.

या सूचना काहींना किरकोळ वाटतील. नावाच्या पाटीने काय क्रांती होणार, असं कुणी म्हणेल. पण १९९२-९३ साली माणसं जीव वाचवायला नावाची पाटी उतरवत होती, हे लक्षात घ्या. कुणाचं नाव दारावर राहतं आणि कुणाचं उतरतं, हे आपल्या देशात कधीच किरकोळ नव्हतं. आपल्या प्रदर्शनात एखादी बाई आपलं नाव लिहून, आपल्याला हवं ते चित्र टांगून, योग्य ते मोल घेऊन घरी जाऊ शकत नसेल, तर कमानीवर 'बहुसांस्कृतिक' लिहायचा अधिकार आपल्याला नाही.

येत्या ८ मार्चची तयारी तुमच्याकडे सुरू होईल तेव्हा पहिल्याच बैठकीत हा विषय काढा. माझं म्हणणं पटलं नसेल तर तेही लिहा, पुढच्या अंकात वाद होऊ द्या. फक्त पत्राखाली आपलं नाव घाला.